उजेडाचा गड रचणारे याझेप्स वीतोल्स

लाटवियाची राजधानी रीगा. तिथे दाउगावा नदीच्या डाव्या काठावर वर निमुळती होत गेलेली काचेची एक प्रचंड इमारत उभी आहे. ते त्या देशाचं राष्ट्रीय ग्रंथालय. रीगातच जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले वास्तुविशारद गुन्नार बिर्केर्ट्स यांनी तिचा आराखडा केला आणि २०१४ साली ती वाचकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत सुमारे १४,००० माणसांनी जुन्या ग्रंथालयापासून नव्या इमारतीपर्यंत साखळी केली आणि हातोहात पुस्तकं देत ती नदीपार नेली. या इमारतीला लोक ‘गाइस्मास पिल्स’ म्हणतात, म्हणजे उजेडाचा गड. हे नाव एका गाण्याचं आहे. १८९९ साली रचलेलं, फक्त माणसांच्या आवाजासाठी लिहिलेलं, सहा-सात मिनिटांचं गाणं. त्याचे संगीतकार याझेप्स वीतोल्स.

एखाद्या देशानं आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयाला एका वृंदगीताच्या नावानं हाक मारावी, हे आपल्याला नवलाचं वाटेल. या गाण्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण राजकारणापाशी थांबतात: परकी सत्ता, लोकांचा विरोध, मग स्वातंत्र्य. ते सगळं खरं आहे आणि पुढे येईलच. पण मला वाटतं, या गाण्याची खरी ताकद त्याच्या घडणीत आहे. प्रत्येक चळवळीत शेकडो जोशपूर्ण गाणी होतात आणि दहा वर्षांत विसरली जातात. हे शंभर वर्षांहून जास्त टिकलं, कारण ज्यानं ते रचलं त्याला आपल्या कामाची पक्की जाण होती. म्हणून आधी माणूस, मग कला आणि मग इतिहास, असं जाऊ.

शेतकऱ्यांची भाषा, मास्तरांचे वृंद

लाटविया बाल्टिक समुद्राच्या काठावर आहे. वर एस्टोनिया, खाली लिथुआनिया, पूर्वेला रशिया. लोकसंख्या आजही वीस लाखांपेक्षा कमी. तेराव्या शतकात जर्मन धर्मयोद्ध्यांनी हा प्रदेश जिंकला, तेव्हापासून जमीन जर्मन सरदारांच्या हाती गेली. अठराव्या शतकात तो हळूहळू रशियन साम्राज्यात आला. म्हणजे एकोणिसाव्या शतकात चित्र असं होतं: राज्य झारचं, जमीन जर्मन जमीनदारांची आणि राबणारे हात लाटवियन. शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी भूदासपद्धत १८१७ ते १८१९ या काळात कुर्झेमे आणि विद्झेमे या मुख्य भागांतून रद्द झाली खरी, पण जमीन काही कुळांच्या नावावर झाली नाही. शिकून पुढे गेलेला लाटवियन मुलगा बहुतेक वेळा जर्मन बोलू लागे, जर्मनच होऊन जाई.

या लोकांकडे राजे नव्हते, राजधानी नव्हती, जुने ग्रंथ नव्हते. गाणी मात्र अफाट होती. ‘दाइना’ नावाची चार-चार ओळींची छोटी लोकगीतं. पेरणीची, लग्नाची, पाळण्याची, मरणाची. जात्यावर बसून दळताना म्हणायचीही. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या की दाइनांचा स्वभाव चटकन कळतो: बाईच्या तोंडची, थोडक्यात बोलणारी, एकीला दुसरी जोडत जाणारी. क्रिश्यानिस बारोन्स या अभ्यासकानं आयुष्य खर्चून त्या जमवल्या. त्यासाठी त्यांनी १८८० साली मॉस्कोत एक खास कपाट करवून घेतलं. ७० खण, प्रत्येक खणात २० कप्पे. त्या कपाटातून १८९४ ते १९१५ दरम्यान छापून बाहेर पडल्या २,१७,९९६ दाइना. युनेस्कोनं हा ठेवा जागतिक स्मृतींच्या यादीत घेतला आहे.

दाइना एकटी-दुकटी बाई किंवा शेतातला घोळका म्हणायचा. वृंदगान ही वेगळी गोष्ट, आणि ती आली जर्मनांकडून. जर्मन शहरांत पुरुषांची गायन मंडळं असत, त्यांचे मेळावे भरत. लाटवियन खेड्यांपर्यंत ही पद्धत पोचवली शाळामास्तरांनी. यानिस त्सिम्झे यांनी शिक्षकांसाठी एक अध्यापक विद्यालय चालवलं, आधी वाल्मिएराला, नंतर वाल्काला. तिथे प्रत्येक होतकरू शिक्षकाला संगीत शिकावं लागे. तो गावी गेला की शाळेबरोबर गावाचा वृंदही उभा करी. त्सिम्झे यांनी लोकगीतांच्या चाली वृंदासाठी बांधून छापल्यादेखील. १८६४ मध्ये दिक्ली या छोट्या गावात अशा मंडळांचा एक मेळावा झाला आणि १८७३ मध्ये रीगात पहिला सर्व-लाटवियन गीतमहोत्सव भरला. सुमारे हजार गायक आले होते. वेगवेगळ्या जिल्ह्यांतले शेतकरी, कारागीर, शिक्षक पहिल्यांदाच एकत्र उभे राहून एकाच भाषेत गायले. आपण सगळे मिळून एक समाज आहोत, हे त्या गायकांना तिथे उभं राहून कळलं.

याझेप्स वीतोल्स यांचा जन्म याच जगातला. २६ जुलै १८६३, वाल्मिएरा. वडील शिक्षक. पहिल्या महोत्सवाच्या वेळी मुलगा जेमतेम दहा वर्षांचा. बालपणाचा पुढचा भाग येल्गावा या गावात गेला.

पीटर्सबर्गची शाळा

१८८० मध्ये, सतरा वर्षांचे वीतोल्स सेंट पीटर्सबर्गच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाले. तिथे रचनेचे शिक्षक होते निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव. वाद्यवृंदाच्या रंगांची जाण असलेला त्या काळातला हा फार मोठा जाणकार, आणि शिकवण्यात अतिशय काटेकोर. १८८६ मध्ये शिक्षण संपलं आणि त्याच संस्थेनं वीतोल्स यांना शिकवायला ठेवून घेतलं. ते तिथे १९१८ पर्यंत राहिले. १९०८ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव वारले, तेव्हा रचनेचा वर्ग वीतोल्स यांच्याकडे आला. सेर्गेई प्रोकोफिएव आणि निकोलाय मियास्कोव्स्की त्यांच्या हाताखालून गेले. लाटवियन खेड्यातल्या मास्तराचा मुलगा रशियन साम्राज्याच्या राजधानीत रशियन संगीतकारांना घडवत होता.

शहरात मित्रोफान बेल्यायेव नावाचे लाकडाचे श्रीमंत व्यापारी होते. दर शुक्रवारी त्यांच्या घरी तंतुवाद्यांची मैफल भरे. ग्लाझुनोव, ल्यादोव, स्वतः रिम्स्की-कोर्साकोव ही मंडळी तिथे येत आणि वीतोल्स त्यांच्यातलेच एक झाले. बेल्यायेव यांनी जर्मनीत लाइपझिगला प्रकाशनसंस्था काढली होती, तिनं त्यांच्या रचना छापल्या. १८८८च्या सुमारास पूर्ण झालेली त्यांची सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, ही लाटवियन संगीतातली पहिली सिंफनी मानतात. पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी, वाद्यवृंदासाठी त्यांनी पुष्कळ लिहिलं. ते सगळं नीटस आहे, सुंदर आहे. तरीही माझ्या मते त्यात पीटर्सबर्गचा शिक्का वीतोल्स यांच्या स्वतःच्या शिक्क्यापेक्षा जास्त ठळक दिसतो. वृंदगीतांत हे उलटतं. तिथे ते कुणाचे विद्यार्थी वाटत नाहीत.

पीटर्सबर्गनं त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे कसब: स्वर एकमेकांवर कसे रचायचे, कुठे ताण द्यायचा, कुठे सोडवायचा. दुसरी गोष्ट एक विश्वास, की लोकगीताला कमी लेखायचं कारण नाही, मोठ्या संगीताचा पाया त्यावर घालता येतो. रशियन संगीतकारांनी स्वतःच्या लोकगीतांबाबत हे करून दाखवलं होतंच. वीतोल्स आणि त्यांच्याआधी त्याच महाविद्यालयात शिकलेले आंद्रेय्स युर्यान्स यांनी तीच दृष्टी लाटवियन चालींकडे वळवली. युर्यान्स गावोगाव फिरून चाली टिपून आणत. वीतोल्स यांनी शेकडो लोकगीतं वृंदासाठी आणि एकट्या आवाजासाठी बांधली. साम्राज्याच्या राजधानीत सदतीस-अडतीस वर्षं काढूनही त्यांचं लक्ष घराकडेच होतं.

चार आवाज म्हणजे काय

इथे थोडं थांबून वृंदाची रचना समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं नुसतं कौतुक होईल.

आपलं अभिजात संगीत एका स्वरधारेवर चालतं. गायक एक ओळ विस्तारतो, तंबोरा षड्ज धरून ठेवतो आणि सगळं सौंदर्य त्या एका ओळीच्या वळणांत असतं. आपण दहा जण मिळून आरती म्हटली, तरी दहा जण एकच चाल गातो. युरोपीय वृंदात माणसांचे चार गट असतात: बायकांचे उंच आवाज सोप्रानो, खालचे आल्टो, पुरुषांचे उंच आवाज टेनर, खर्जातले बास. चारही गट एकाच वेळी चार वेगवेगळ्या चाली गातात आणि त्या चाली एकमेकींवर बसून प्रत्येक क्षणी एक स्वरसमूह तयार होतो. त्याला हार्मनी म्हणतात. मराठी वाचकाला हे ऐकायला फार लांब जायला नको. गोव्यातल्या चर्चमध्ये पोर्तुगीज काळापासून असं अनेक आवाजांत गाण्याची परंपरा आहे आणि मांडोही अनेकदा दोन आवाजांत गातात.

चार आवाज एकत्र बांधायच्या ढोबळमानानं दोन तऱ्हा. पहिलीत चौघं एकाच लयीत, एकच शब्द एकाच वेळी म्हणतात, स्वर मात्र वेगळे असतात. शब्द स्वच्छ कळतात, आवाज भिंतीसारखा भक्कम येतो. दुसरीत एक गट आधी सुरुवात करतो, दुसरा मागून तेच शब्द घेऊन येतो, मग तिसरा. शब्द एकमेकांत गुंततात, पण गाण्याला धाव आणि हालचाल येते. चांगला रचनाकार या दोन्हींची अदलाबदल कधी करायची हे ओळखतो. श्रोत्याला एखादं वाक्य नेमकं ऐकू यायला हवं असेल तर पहिली तऱ्हा, गर्दीची चाहूल द्यायची असेल तर दुसरी.

वीतोल्स वाद्यवृंदाच्या शाळेत वाढलेले. त्यामुळे ते वृंदालाही वाद्यवृंदासारखंच वागवतात. पुरुषांचे खालचे आवाज एकटेच ठेवून काळोखी रंग आणायचा, मग बायकांचे आवाज सोडून एकदम खिडक्या उघडल्यासारखं करायचं, मग सगळे एकत्र. हे सारं वाद्याशिवाय. आवाज वाढवायला ढोल नाही, सूर सावरायला पेटी नाही. जे काही व्हायचं ते माणसांच्या गळ्यातूनच.

त्यांच्यासमोर आणखी एक व्यावहारिक अट होती आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. त्यांचे गायक व्यावसायिक नव्हते. दिवसभर शेतात किंवा दुकानात काम करून संध्याकाळी तालमीला येणारी माणसं. महोत्सवात तर अशी हजारो माणसं उघड्यावर एकत्र गाणार. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. व्यासपीठाच्या एका टोकापासून दुसरं टोक सत्तर मीटर असेल, तर तिकडचा आवाज इकडे पोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. शेजारच्याचं ऐकून गायचं म्हटलं तर सगळा वृंद फरफटत जाईल. कानापेक्षा कंडक्टरच्या, म्हणजे समोर उभं राहून हातानं लय दाखवणाऱ्याच्या, हातावर भरवसा ठेवावा लागतो. भरभर पळणाऱ्या, गुंतागुंतीच्या जागा अशा ठिकाणी चिखल होऊन बसतात. रुंद पावलं टाकणारे, ठाम स्वरसमूह मात्र उघड्या हवेत शोभून दिसतात. वीतोल्स यांच्या मोठ्या वृंदगीतांत अवघड जागा आहेत, आवाजाची कसोटी लागते, पण मोक्याच्या ठिकाणी ते वृंदाला असं भक्कम जमिनीवर आणून उभं करतात, की हजारो हौशी गायकांना तिथे पाय रोवता येतात.

बेवेरीनाचा गायक

त्यांचे दोन सर्वांत गाजलेले वृंदपोवाडे आउसेक्लिस या कवीच्या शब्दांवर आहेत. पोवाडा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. युरोपात ज्याला बॅलड म्हणतात ते पराक्रमाची किंवा दुःखाची गोष्ट सांगणारं गाणंच असतं. आउसेक्लिस यांचं खरं नाव मिकेलिस क्रोग्झेमिस. पेशानं शिक्षक, जहाल देशप्रेमी. १८७९ मध्ये पीटर्सबर्गला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते गेले. वीतोल्स त्या शहरात पोचले ते त्याच्या पुढच्याच वर्षी.

पहिला पोवाडा १८९१चा, ‘बेवेरीनाचा गायक’. त्यामागे एक जुनी नोंद आहे. लिवोनियाच्या हेन्रीनं तेराव्या शतकात लॅटिनमध्ये लिहिलेल्या बखरीत १२०८ सालची हकिकत येते: बेवेरीना नावाच्या गढीला एस्टोनियन सैन्यानं वेढा घातला होता. लढाई चालू असतानाच गढीतला धर्मगुरू तटावर चढला आणि वाद्य वाजवत प्रार्थना गाऊ लागला. असं काही पूर्वी न ऐकलेले हल्लेखोर लढणं थांबवून ऐकत राहिले. आउसेक्लिस यांनी त्या धर्मगुरूच्या जागी एक म्हातारा लाटवियन शाहीर उभा केला. ऐतिहासिक दृष्ट्या हा सरळ फेरफार आहे. पण ज्या समाजाचा इतिहास नेहमी इतरांनी लिहिला, त्यानं स्वतःचा शाहीर तटावर चढवावा, ही भूक मला समजते. वीतोल्स यांच्या संगीतात आधी युद्धाचा गलका येतो, मग गाणं त्या गलक्यावर मात करतं.

उजेडाचा गड

आता १८९९चं ‘गाइस्मास पिल्स’. कवितेची गोष्ट अशी. कवी कुर्झेमे या भूमीला विचारतो, तुझे जुने देव कुठे गेले, तुझी स्वतंत्र लेकरं कुठे गेली? पूर्वी टेकडीवर, देवदारांच्या रानात लोकांचा झळझळीत गड होता. मग रक्ताचे दिवस उगवले, वीर पडले, लोक गुलाम झाले आणि गड जमिनीत गडप झाला. त्याचं नाव एका जुन्या ओक वृक्षापाशी दडलेलं आहे. जो ते नाव ओळखेल त्याच्यासाठी गड पुन्हा वर येईल. शेवटी लोकांची लेकरं ते विसरलेलं नाव ओळखतात, हाक घालतात आणि गड वर येतो.

बुडालेल्या गडाच्या अशा दंतकथा लाटवियात जागोजाग आहेत. आउसेक्लिस यांनी ती कल्पना राष्ट्राला लावली. लाटवियन वाचकाला त्यातला अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. आणि कवितेत सरकारचं, झारचं, जमीनदाराचं नाव कुठेच नाही. म्हणूनच पुढे दर पिढीला ती आपल्या काळाची वाटली. जर्मन जमीनदार गेले, झार गेला, तरी गाणं कालबाह्य झालं नाही.

आता संगीत. सोपं गाणं असतं तर एक चाल बांधून प्रत्येक कडव्याला तीच लावली असती. वीतोल्स तसं करत नाहीत. प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र संगीत आहे. सुरुवात संथ, गंभीर, आठवण काढल्यासारखी. गडाच्या जुन्या वैभवाचा भाग आला की आवाज रुंदावतो. रक्ताच्या दिवसांत लय आणि स्वर दोन्ही खडबडीत होतात. गड बुडतो तिथे वृंद खाली खाली उतरतो. ओकापाशी सगळं दबक्या आवाजात चालतं, गुपित सांगावं तसं. इथवर श्रोता जवळजवळ अंधारात बसलेला असतो. वीतोल्स त्याला तिथे मुद्दाम पुरेसा वेळ ठेवतात.

मग हाक येते. आणि इथे त्यांचं सगळं कसब दिसतं. ती एकदम फुटत नाही. हळूहळू आवाज भरत जातो, गट एकमेकांत मिसळत जातात, पट्टी चढत जाते आणि शेवटच्या ओळीला सगळा वृंद पूर्ण ताकदीनं एकत्र येतो. गायकाच्या शरीराला ही चढण जाणवते. श्वास पुरवून ठेवावा लागतो, शेवटी सगळा खर्च करावा लागतो. दहा हजार माणसं जेव्हा हे एकत्र करतात, तेव्हा गड वर आला असं त्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी तो स्वतःच्या फुफ्फुसांनी वर आणलेला असतो. घोषणा देताना माणूस पहिल्या शब्दापासून ओरडतो आणि दोन मिनिटांत थकतो. हे गाणं सहा-सात मिनिटं उजेड राखून ठेवतं. ते टिकलं त्याचं कारण मी इथे पाहतो.

रीगाला परत

पहिल्या महायुद्धात रशियन साम्राज्य कोसळलं. १८ नोव्हेंबर १९१८ रोजी लाटवियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. पंचावन्न वर्षांचे वीतोल्स त्याच वर्षी पीटर्सबर्ग सोडून परतले. काही काळ रीगाच्या ऑपेराचं काम पाहिलं आणि १९१९ मध्ये लाटवियाचं संगीत महाविद्यालय उभं केलं. मधली दोनएक वर्षं वगळता १९४४ पर्यंत तेच त्याचे प्रमुख. पीटर्सबर्गमध्ये जे शिकले आणि शिकवलं, ते आता त्यांनी लाटवियन मुलांना स्वतःच्या देशात दिलं. यानिस इवानोव्स, आडोल्फ्स स्कुल्ते, लुत्सिया गारूता यांच्यासारखे संगीतकार त्यांच्या वर्गातून बाहेर पडले. गीतमहोत्सव १९२६, १९३१, १९३३ आणि १९३८ मध्ये स्वतंत्र देशाचे म्हणून भरले आणि वीतोल्स हे त्यांतलं सर्वांत आदराचं नाव होतं.

१९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. १४ जून १९४१ या एका दिवसात सुमारे १५,००० लोकांना सैबेरिया आणि सोव्हिएत संघाच्या इतर दूरच्या भागांकडे नेलं गेलं. मग जर्मन आले. १९४४ मध्ये लाल सेना पुन्हा जवळ आली, तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या वीतोल्स यांनी हजारो देशबांधवांबरोबर समुद्रापलीकडची वाट धरली. २४ एप्रिल १९४८ रोजी जर्मनीतल्या लुबेक शहरात ते वारले. ज्यानं आपल्या लोकांसाठी बुडालेला गड सुरांनी वर काढला, त्याला शेवटी स्वतःच्या देशात चार हात जागा मिळाली नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं.

१९८५

सोव्हिएत सत्तेनं गीतमहोत्सव बंद केला नाही. तो इतका लोकप्रिय होता, की बंद करण्यापेक्षा ताब्यात घेणं सोयीचं होतं. त्यामुळे दर महोत्सवात लेनिन, पक्ष, मैत्री यांची गाणी सक्तीनं असत आणि त्यांच्या आडोशानं लोक आपली गाणी गात. स्वतंत्र लाटवियाचं राष्ट्रगीत तर मनाईत गेलं होतं. त्याची जागा लोकांनी युर्यान्स यांनी बांधलेल्या ‘वाहा रे वाऱ्या’ अशा अर्थाच्या जुन्या लोकगीताला दिली. लग्नातलं, वरवर निरुपद्रवी गाणं. ते सुरू झालं की माणसं उभी राहत.

वीतोल्स यांच्याबाबत सत्ता गोंधळलेली होती. त्यांची कीर्ती नाकारता येत नव्हती. १९५८ मध्ये रीगाच्या संगीत महाविद्यालयाला सरकारनंच त्यांचं नाव दिलं. पण त्यांचं सर्वांत प्रिय गाणं मात्र खुपत राहिलं.

१९८५चा महोत्सव. ‘गाइस्मास पिल्स’ कार्यक्रमातून वगळलं होतं. हाराल्ड्स मेद्निस हे ऐंशीकडे झुकलेले, गायकांचे अतिशय लाडके कंडक्टर; त्यांनाही मुख्य कंडक्टरांमध्ये जागा दिलेली नव्हती. रीगाच्या मेझापार्क्स भागातल्या मोठ्या व्यासपीठावर शेवटचा कार्यक्रम संपत आला, तेव्हा गायकांनीच गाण्याचं आणि मेद्निस यांचं नाव घेऊन हाका सुरू केल्या. हाका थांबेनात. मेद्निस वर आले. त्यांनी हात उचलला आणि हजारो लोकांनी, परवानगी नसलेलं ते गाणं, सगळं पाठ असल्यामुळे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायलं.

पाठ असणं ही इथली कळीची बाब. कागद जप्त करता येतो, छापणं थांबवता येतं, रेडिओवर बंदी घालता येते. पण खेड्याखेड्यांतल्या वृंदांनी, वर्षानुवर्षांच्या तालमींत, प्रत्येकानं आपापला आवाज पाठ केलेला होता. आल्टोला आल्टोची ओळ, बासला बासची. एकट्या माणसाला हे गाणं पुरतं गाताच येत नाही. ते चौघांत वाटलेलं असतं आणि सगळे जमले तरच पूर्ण होतं. म्हणून एखाद्या पुढाऱ्याला पकडून ते थांबवणं शक्य नव्हतं.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी तिन्ही बाल्टिक देशांतल्या लोकांनी ताल्लिनपासून विल्निउसपर्यंत हातात हात धरून सुमारे ६०० किलोमीटरची साखळी केली. ४ मे १९९० रोजी लाटवियाच्या संसदेनं स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यातल्या महोत्सवाला परदेशी गेलेले लाटवियनही आले. अमेरिका आणि कॅनडात ते १९५३ पासून आपापले गीतमहोत्सव भरवत आले होते. ऑगस्ट १९९१ मध्ये स्वातंत्र्य प्रत्यक्षात आलं. १९९३ मध्ये वीतोल्स यांचे अवशेष लुबेकहून आणून रीगाच्या वनस्मशानभूमीत ठेवले गेले.

आज ऐकायचं असेल तर

गीतमहोत्सव अजूनही साधारण दर पाच वर्षांनी भरतो. बाल्टिक देशांच्या या परंपरेला युनेस्कोची मान्यता आहे. २०२३ मध्ये पहिल्या महोत्सवाला दीडशे वर्षं झाली, तेव्हा गायक, नर्तक, वादक मिळून ४०,००० च्या आसपास लोक सहभागी झाले होते. त्याची चित्रणं सहज सापडतात.

पण थेट त्यापासून सुरुवात करू नका, असं मी सुचवेन. हजारो आवाजांत रचना झाकली जाते. आधी तीस-चाळीस गायकांच्या एखाद्या चांगल्या वृंदाकडून वीतोल्स यांनी बांधलेली दोन-तीन लोकगीतं ऐका. चाल कुठल्या आवाजात आहे ते शोधा. ती नेहमी वरच नसते. मग १९०३चं ‘नदी आणि माणसाचं आयुष्य’ ऐका, त्यात आवाज एकमेकांच्या मागून कसे वाहतात ते कळेल. ‘गाइस्मास पिल्स’ त्यानंतर. पहिल्यांदा शब्दांचा अर्थ समोर ठेवून, दुसऱ्यांदा फक्त बासकडे कान लावून. हाकेच्या आधीची दबलेली जागा कान देऊन ऐका, शेवटाची सगळी तयारी तिथे चालू असते.

ते आवडलं तर वाट पुढेही जाते. वीतोल्स यांचं नाव असलेल्या त्याच रीगाच्या अकादमीत शिकलेले एरिक्स एशेनवाल्ड्स आज जगभर गायले जातात. १९७७ चा जन्म, कित्येक वर्षं ते स्वतः लाटवियाच्या राज्यवृंदात गात होते, त्यामुळे गायकाच्या गळ्याला काय सोसतं हे त्यांना आतून ठाऊक आहे. ‘स्टार्स’ या रचनेत त्यांनी वृंदाबरोबर पाण्याचे पेले सुरात लावून वाजवले आहेत. आणि २००६ मधली त्यांची ‘अ ड्रॉप इन द ओशन’ ही रचना कोलकात्याच्या मदर तेरेसांवरून सुचलेली आहे.